अर्ध्या ऐनचा रुपया

माझ्या बायकोला नाणं हातात घेतलं की ते अस्सल आहे का बनावट, हे कळतं. ही गोष्ट साऱ्या गंगाखेडला पटली, त्यानंतर कुठं मला पटली. पंचायत समितीत चौतीस वर्षं बाबूगिरी केलेला माणूस मी. कागदावर शिक्का दिसल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही, आणि विश्वास बसला नाही की मी गप्पही बसत नाही. आमच्या घरातली निम्मी भांडणं ह्या सवयीमुळं झाली, हे आता कबूल करतो.

बबिता एसटीत कंडक्टर आहे. गंगाखेड डेपो, चोवीस वर्षं नोकरी. सुरुवातीपासून ती परभणीच्या गाडीवर आहे. एकदा एका म्हातारीनं तिकिटासाठी कनवटीची गाठ सोडली आणि चिल्लरीत एक जाडजूड काळपट रुपया दिला. दुसरं कुणी असतं तर बॅगेत टाकला असता, नाहीतर खिशात. बबितानं तो बोटांनी चाचपला, उजेडाकडं धरला, त्यावरचा चारमिनार बघितला आणि म्हातारीच्या मुठीत परत कोंबला. "आजी, ह्यो हाली दिसायलाय. चांदीचा. ह्यो खर्चू नका," म्हणाली आणि तिचं तिकीट पदरचे पैसे घालून फाडलं. हाली म्हणजे निजामाचा रुपया, आणि इंग्रजांचा तो कळदार. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे शब्द अजून आहेत, पण बबितानं हाली रुपया हातात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा. घरी येऊन दोन दिवस तेच पुराण. मी म्हणलं, "तिकिटाचे पैसे गेले ते गेले, आता माझं डोकं तरी खाऊ नको."

तिथून तिला नाद लागला. सकाळच्या गाडीला उर्दू शाळेचे एक मास्तर असायचे. त्यांच्याकडून तिनं आधी नाण्यावरचे आकडे शिकून घेतले, मग अक्षरं. हाली रुपयावरच्या चारमिनारच्या कमानीत एकच अक्षर असतं. महबूब अलीच्या वेळचं नाणं असेल तर मीम, उस्मान अलीच्या वेळचं असेल तर ऐन. त्यांच्या नावांची ती पहिली अक्षरं. ती हे मला सांगायला लागली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

हळूहळू लोक चालत्या गाडीत तिला नाणी दाखवायला लागले. बहुतेक सगळा कचरा. मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असायचं की देवीचं चित्र असलेल्या पाचच्या नाण्याला दहा लाख मिळतात, ट्रॅक्टरच्या नोटेला त्याहून जास्त, फक्त आधी नोंदणीचे दोन हजार भरा. बबिता सांगायची, "एक पैसा भरू नका. पाचचं नाणं हाय, पाचच रुपये येतेत. चहा पिऊन टाका." मानवतकडच्या दत्तरावाला, चांगला बागायतदार माणूस, तिनं असं दोन वेळा माघारी फिरवलं. तो चिडला, पण त्यानं ऐकलं. तिच्या शब्दावर लोक विसंबून होते, आणि ती पण तो शब्द फार जपून वापरायची. ठाऊक नसेल तर सरळ म्हणायची, मला कळंना.

ती नाणं कधी आपटून वाजवत नाही. बोटाच्या टोकावर तोलते आणि पेन्सिलीनं हळू टिचकी देते. चांदीचा आवाज जरा रेंगाळतो, ओतीव शिशाचा जागेवरच मरतो. मग सराफाच्या काट्यावर वजन. मग भिंग घेऊन सगळी कड फिरून बघते, कारण साच्यात ओतलेल्या नाण्याला कडेला कुठंतरी जोड राहतो. ही सगळी पूजा आटपायला तिला अर्धा तास लागतो. तोवर माझा चहा राहतो.

तर दोन वर्षांमागं तिचा पाय मुरगळला आणि ती आठ दिवस घरी होती. तेव्हा शेजारच्या खेड्यातल्या धुरपताबाईंनी त्यांच्या घरातले अकरा हाली रुपये तिच्याकडं आणून दिले. खातंपितं शेतकरी घर, नाणी पिढीजात. सगळी लखलखीत. बबिता टॉवेल अंथरून एकेक बघत होती. माझी माय, सरजाबाई, वय त्र्याऐंशी, भिंतीला टेकून नुसती बघत बसली होती. जरा वेळानं ती उठली, तिच्या पत्र्याच्या पेटीतून एक चिंधी काढून आणली आणि सुनेपुढं ठेवली. "ह्यो बी बघ," म्हणाली.

चिंधीत एक हाली रुपया होता. काळा, पण नुसता काळा नव्हे. कडेला निळसर, मधे तांबूस. आणि त्यावरचं एकेक अक्षर कालच ठोकल्यासारखं उठून दिसणारं. साठ वर्षं ह्या घरात राहून मला तो माहीत नव्हता.

मायनं मग सांगितलं. माझे आजोबा किशनराव तरणेताठे असताना पुलाच्या कामावर दगड फोडायला होते. मुकादमानं हप्त्याची मजुरी म्हणून त्यांच्या हातावर नवा कोरा रुपया ठेवला. ते तो घेऊन दुकानात मीठमिरची आणायला गेले. दुकानदारानं हातातून घेतला नाही. उंबऱ्यावर ठेव म्हणाला, आणि त्यावर शिंपडायला पाणी आणायला आत गेला. तो तांब्या घेऊन येईस्तोवर आजोबांनी रुपया उचलला आणि घरचा रस्ता धरला. तो हप्ता घरात अळणी भाकर खाल्ली. रुपया मात्र कधीच मोडला नाही.

"मामंजी म्हणायचे, पाणी मारल्याबिगर ज्याला दुकानात जागा न्हाई, त्यो आपल्यापाशीच ऱ्हाऊ द्या," माय म्हणाली. "मला दिला तवा म्हणले, हरवू नको आन् खर्चू नको." मला माझ्या आजोबांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि त्या दुकानदाराचा इतका संतापही.

बबितानं रुपया चिंधीतून उचलला. तिनं टिचकी दिली, वजन केलं, कड बघितली. सगळं बरोबर. मग तिनं कमानीवर भिंग धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. कमानीतला ऐन अर्धाच होता. वरचं डोकं तेवढं होतं, खालची शेपूट नव्हतीच.

"नकली," मी म्हणलं. मला तेवढंच जमतं.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि धुरपताबाईंचे अकरा रुपये पुन्हा एकेक बघायला लागली. नऊ रुपयांत ऐन पुरा होता. दोनांत अर्धा. त्या दोन्हींवर साल होतं हिजरी तेराशे तीस. आमच्या रुपयावरही तेराशे तीस. उस्मान अली गादीवर बसला त्याच सुमाराचं ते साल. "सुरुवातीच्या सालातला दिसायलाय," ती म्हणाली, "पण माझ्यापेक्षा जाणत्या माणसाला दाखवू." ही तिची चूक झाली.

परभणीला नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही दोघं गेलो. पुण्याकडून आलेले एक पंडितशेठ नावाचे व्यापारी होते, त्यांच्या टेबलापुढं ही गर्दी. त्यांनी आमचा रुपया हातात घेऊन मिनिटभर बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, हा ऐन बघा. अर्धाच आलाय. ओतताना धातू साच्याच्या कोपऱ्यात पोचला नाही की असं होतं. ओतीव माल आहे."

"कडंला जोड न्हाई साहेब," बबिता म्हणाली. "वजन बरोबर हाय. आन् असेच अजून दोन बघितलेत मी."

"मग एकाच भट्टीतले तीन असतील," ते म्हणाले. लोक हसले. गर्दीत आमच्या गाडीचे पाच-सहा तरी प्रवासी होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी टेबलावर हात आपटला आणि नको ते बोललो. बबितानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती.

चार दिवसांत गोष्ट डेपोत, डेपोतून गावोगाव. लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण नाणी दाखवायचं बंद झालं. महिन्याभरानं कळलं की दत्तरावानं त्या मोबाईलवाल्यांना नोंदणीचे पैसे भरले, एकदा नाही, तीनदा, आणि आता ते फोन उचलत नाहीत. त्याचा भाऊ बसमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "बबिताबाईलाच स्वतःच्या घरचं कळंना म्हणल्यावर माणसानं कुणाचं ऐकावं." त्या दिवशी ती घरी येऊन न जेवता पडून राहिली. स्वतःच्या पाणउताऱ्याचं तिला फार नव्हतं. पण आपल्या शब्दावर माणसं फसण्यापासून वाचत होती, तो शब्दच गेला, ह्याचं तिला लय लागलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच शंका यायला लागली. "खरंच तिन्ही एका साच्यातले असतील तर?" असं ती मला विचारायची. तीस वर्षं मी तिच्या बोलण्यावर शंका घेतली, पण तिनं स्वतःवर घेतलेली मला बघवेना. मीच तिला म्हणलं, चल, धुरपताबाईंकडं जाऊ.

त्यांच्या ओसरीवर उन्हात तिन्ही रुपये शेजारी-शेजारी ठेवले. बबिता भिंग घेऊन पालथी पडली. पाऊण तास. मग उठून बसली आणि म्हणाली, "हे बघा. ह्याच्यातलं हे अक्षर कडंला टेकलंय. ह्याच्यात टेकलं न्हाई. आन् आपल्यात चारमिनारच जरा एका अंगाला हाय. एका साच्यातले असते तर तिन्ही सारखेच निघाले असते. हे नाणं ठोकायचे तीन वेगळे ठसे हायत. आन् तिन्ही ठशांत ऐन अर्धाच. म्हंजी चुकून ऱ्हायला न्हाई, कोरणाऱ्यानंच अर्धा कोरलाय."

मला एकदम ऑफिस आठवलं. "नवा साहेब आला की पहिले दोन महिने सही अशीच तुटक करतो," मी म्हणलं. "बस्तान बसलं की मग शेपूट फुटते." मी थट्टेत बोललो होतो. बबितानं माझ्याकडं असं बघितलं, जणू जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी कामाचं बोललो होतो.

खरं-खोटं ठरलं होतं, पण ते आमच्यापुरतं. तिनं आता कितीही सांगितलं तरी ऐकतंय कोण. अमेरिकेत एक कंपनी नाणी तपासते, सत्तरपैकी गुण देते आणि डबीत सील करून परत पाठवते, हे तिला माहीत होतं. मुंबईतला एक माणूस इथली नाणी गोळा करून तिकडं धाडतो. फी जबरी. घासलेलं नाणं असेल तर ते गुण देतच नाहीत, नुसतं 'साफ केलेलं' असा शेरा मारतात आणि फी पाण्यात. म्हणून तिनं आजवर कुणालाही तिकडं पाठवायला सांगितलं नव्हतं. धुरपताबाईंना तर तिथंच सांगून टाकलं, "मावशी, तुमचे अकराच्या अकरा अस्सल हायत. पण दरवर्षी चिंच लावून घासून त्यांची वरची साल निघून गेली. पाठवू नका."

"लक्ष्मी हाय बाई. घासल्याबिगर पाटावर कशी मांडावी?" धुरपताबाई हसून म्हणाल्या.

"तुमी घासा की. पूजेचीच हायत ती, पूजेलाच ऱ्हाऊ द्या," बबिता म्हणाली. आमचा रुपया मात्र वेगळा होता. आजोबांनी तो रागानं चिंधीत बांधला, आणि छप्पन साली घरानं धम्म घेतल्यावर तर आमच्याकडं लक्ष्मीपूजनच राहिलं नाही. शंभरावर वर्षं त्याला कुणी चिंच लावली नाही, राख लावली नाही. ज्या घरात सोनंनाणं म्हणून हा एकच रुपया होता, त्या घरात तो असा कोरा वाचला.

"पाठवू," मी म्हणलं. "माझ्या पेन्शनीतून. तुला माहितेय, मला शिक्का लागतो."

"नकली निघालं तर मी परत कुणाच्या नाण्याला हात लावणार न्हाई," ती म्हणाली. ती असं बोलते तेव्हा ते तसंच होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री झोप लागली नाही ती मलाच.

आणि आता माझा पराक्रम ऐका. पार्सल सोमवारी जायचं होतं. रविवारी दुपारी ती ड्युटीवर. मी मनाशी म्हणलं, आपला रुपया विमानानं अमेरिकेला चाललाय, असा काळाकुट्ट कसा पाठवायचा. पाहुण्याच्या घरी पोरगी पाठवतानाही तोंड धुऊन पाठवतो माणूस. सगळं ऐकून, समजून, तरी माझे हात काही ऐकेनात. वाटीत चिंच भिजत घातली, ब्रश घेतला आणि रुपया तळहातावर ठेवून बसलो. तेवढ्यात माय दारातून म्हणाली, "काय करायलास रे?"

"उजळतो जरा."

"मामंजींनी दिला तसा ऱ्हाऊ दे. खाली ठेव आधी," माय म्हणाली आणि हातातली काठी वाटीवर अशी मारली की चिंचेचं पाणी माझ्या बनियनवर. संध्याकाळी बबिताला तो डाग दिसला, वाटी दिसली, आणि तिला सगळं कळलं. रुपया भिंगाखाली तीन वेळा तपासून झाल्यावर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

पार्सल गेलं. पाच महिने गेले. ती रोज ड्युटीला जायची, तिकिटं फाडायची, कुणी नाण्याचा विषय काढला तर पुढच्या सीटकडं सरकायची. मी रोज पोस्टमनची वाट बघत फाटकात उभा. तो पण मला बघून रस्ता बदलायला लागला होता.

आलं ते एका शनिवारी. खोकं, खोक्यात खोकं, त्यात फोम, आणि फोममध्ये एक जाड पारदर्शक डबी. डबीत आमचा रुपया, तसाच निळसर-तांबूस. वर लेबल. बबितानं वाचलं आणि खाली बसली. मी डबी तिच्या हातातून घेतली. अस्सल. साल तेराशे तीस. कमानीत अपुरा ऐन, सुरुवातीचा प्रकार, असं सरळ लेबलावरच लिहिलेलं. आणि गुण सत्तरपैकी चौसष्ट.

बबिता रडली. मी पण रडलो, लपवत नाही. मग मी चप्पल घालून जो सुटलो तो दोन किलो पेढे घेऊनच परत आलो. डेपोत वाटले, पोस्टमनला दिले, गल्लीत दिले. ज्यानं 'कशाबद्दल' विचारलं त्याला अर्धा तास उभं करून ऐकवलं. डबीचा फोटो मी माझ्या हातानं तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: ज्यांना हसायचं होतं त्यांनी आता पेढा खायला यावं. बबिता म्हणाली असं लिहू नये. मी म्हणलं, एवढं एक माझ्यावर सोड.

मायनं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. कुठून उघडते ते शोधलं. उघडत नाही म्हणल्यावर विचारलं, "मग आता ह्याला कुणीच शिवायचं न्हाई?"

"न्हाई आत्याबाई. आता कुणालाबी हात लावता येईना," बबिता म्हणाली.

माय हसायला लागली. दात नसलेल्या तोंडानं इतकी हसली की तिला ठसका लागला. "बरं झालं," ती म्हणाली. "तवा एक वाणी शिवंना. आता वाण्याच्या सगळ्या खानदानाला शिवता येईना." मोठमोठे भाव सांगणारे फोन आले. रुपया विकायचा नाही, हे आम्हाला ठरवावंसुद्धा लागलं नाही.

लोक परत यायला लागले. दत्तराव स्वतः आला, खाली मान घालून, आणि आल्या आल्या म्हणाला की बाई, माझंच चुकलं. ती तशीच त्याला घेऊन पोलीस स्टेशनला गेली आणि तक्रार लिहून घ्यायला लावली. माझ्या सांगण्यावरून पोच पण घेतली.

मागच्या महिन्यात मी परभणीहून तिच्याच गाडीनं येत होतो. गाडी सुटता सुटता एक माणूस चढला आणि पुढच्या सीटवर बसला. मी ओळखलं, पंडितशेठ. माझे हात शिवशिवायला लागले. बबितानं मला लांबूनच डोळ्यांनी दटावलं. तिकीट काढताना त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, मुद्दाम तुमच्याच गाडीला आलोय. हे जरा बघता का? मोठा सौदा आहे, उद्या पैसे द्यायचेत."

सोन्याची अशर्फी होती. गाडी खड्ड्यांतून चाललेली. बबितानं मशीन काखेत धरलं, दांड्याला पाठ टेकली आणि अशर्फी बोटावर तोलली. पेन्सिलीनं टिचकी दिली. मग ती उजेडाकडं धरून कड पूर्ण फिरवून बघितली, आणि एका जागी अंगठ्याचं नख थांबलं. मला वाटलं, आता घे सूड. सगळी गाडी बघायला लागली होती.

तिनं वाकून, फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं, "नकली हाय साहेब. पैसे देऊ नका."

पंडितशेठनं 'कशावरून' असंसुद्धा विचारलं नाही. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, समोरच्या माणसाला सौदा मोडल्याचं सांगितलं आणि पुडी तिच्या हातातून दोन्ही हातांनी घेतली.